रोज ऑफिस की आठवड्यातून तीन दिवस?

भाचीच्या हातात दोन ऑफर आहेत. एकीत पाचही दिवस हिंजवडी. दुसरीत तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, पगार जरा कमी. "मामा, कुठली घेऊ?" एचआरवाल्यांचं 'आम्ही एक कुटुंब' आधी बाजूला ठेवू.

वेळ: ती कोथरूडला राहते. पावसाळ्यात एका बाजूला दीड तास सहज जातो. दोन दिवस घरी म्हणजे आठवड्याचे सहा तास वाचले. पेट्रोल वाचतं, विजेचं बिल वाढतं.

समाधान: चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ जणांवर प्रयोग झाला, २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. लांबून येणाऱ्यांना आणि स्त्रियांना फायदा जास्त. घरी बसलं की बढती हुकते म्हणतात, तसंही काही दिसलं नाही. (मॅनेजर मंडळींना आधी काम घटेल असं वाटत होतं, नंतर त्यांचं मत बदललं!)

शिकणं: इथे ऑफिसच पुढे. शेजारच्या सीनियरला विचारून पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न चॅटवर दुपारभर लोंबकळतो.

भरवसा: घरून कामाची सवलत कधीही जाऊ शकते. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेकांना पाचही दिवस बोलावलं. म्हणून ते तीन दिवस ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यायचे.

पहिलीच नोकरी आणि खोली ऑफिसजवळ असेल, तर रोज जावं. भाचीला चार वर्षांचा अनुभव आहे आणि घर लांब. तिने दुसरी घ्यावी, पगाराची घासाघीस करून.