अकरा महिने हीट पंप, आणि एक बादली

गेल्या आठवड्यात आमचा हीट पंप, म्हणजे थंडीत बाहेरच्या हवेतली ऊब उचलून घरात आणणारं मशीन, तीन दिवस बंद पडला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर अकरा महिने नुसती कुरकुर केली असती आणि लिहायचं राहूनच गेलं असतं.

मशीन नेहमीचंच. एक डबा बाहेर, दोन आत, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, आणि नळ्यांतून फिरत उष्णता इकडून तिकडे नेणारा आर-32 गॅस. उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगल्या एसीसारखा गार करतो, कारण तो एसीच आहे, फक्त गॅसची दिशा उलटवणारा एक व्हॉल्व्ह जास्तीचा. खरी परीक्षा थंडीत.

पहिला महिना घरात कोणीच खूश नव्हतं. सासऱ्यांना हीटरच्या लाल कांडीपुढे हात धरून बसायची सवय. "यात ऊब दिसतच नाही," म्हणाले. खरं आहे, दिसत नाही. हवा कोमट येते, आणि खोली केव्हा उबदार झाली ते कळतही नाही. नवरा रिमोटवर 30 लावून ठेवायचा, लवकर तापेल म्हणून. लवकर वगैरे काही तापत नाही, मीटर तेवढा पळतो. आणि मी पडले खोलीतून उठताना बटण बंद करणारी. ती काटकसर इथे अंगाशी आली. भिंती गार होऊ द्यायच्या आणि परत तापवत बसायचं, त्यापेक्षा 21 वर लावून विसरून गेलेलं आमच्या मीटरवर कमी पडलं. हे पटायला मला दोन आठवडे सब-मीटरचे (पंपापुरत्या वेगळ्या मीटरचे) आकडे वहीत उतरवावे लागले.

माझं खरं वैर होतं ते डीफ्रॉस्टशी, म्हणजे मशीन स्वतःवरचं हिव स्वतःच वितळवतं त्याच्याशी. बाहेर दमट गारठा असला, पारा शून्य ते चार अंशांत असला, की बाहेरच्या डब्यातल्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळीवर, पांढरं हिव साचतं. मग मशीन "फुस्स" करतं, आतला पंखा थांबतो आणि गंगा उलटी वाहते. घरातली उष्णता बाहेर नेऊन ते हिव वितळवायचं. पाच-सात मिनिटं. बाहेरून वाफा निघतात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं मशीन जळालं. मी मोजूनमापून साठवलेली ऊब हा बाहेर नेऊन ओततो, हे काही केल्या गिळेना. मी डब्याखालच्या नळीला बादली लावली. एका खेपेला जवळजवळ दीड लिटर पाणी! रात्रीतून आठ-नऊ खेपा! नवऱ्याने वही पाहिली आणि काही बोलला नाही, यावरून समजा.

मग एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला, आणि माझंच तोंड बंद झालं. एक किलो बर्फ वितळवायला विजेच्या एका युनिटच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी उष्णता लागते. पण हवेतल्या तेवढ्याच बाष्पाचं कॉइलवर हिव होतं, तेव्हा सुमारे पाऊण युनिट उष्णता गॅसला मिळते आणि ती घरात येते. म्हणजे ज्याला मी चोर म्हणत होते, तो आधी देऊन मग थोडंसं परत नेत होता. कॉइल, पत्रा तापवण्यात आणखी काही जातं, हिव दाटलं की हवा नीट खेळत नाही, ते सगळं धरूनही माझा आरडाओरडा जास्तच होता. हवा कोरडी असेल तर उणे दहातही हिव कमी धरतं. तेव्हा डबा मुकाट चालतो. गॅस साध्या दाबाला सुमारे उणे 52 अंशांना उकळतो, त्यामुळे त्याच्या लेखी उणे दहाची हवाही गरमच.

आता गेल्या आठवड्याचं. सकाळी बाहेरचा डबा बर्फाची लादी झालेला आणि आत गार वारा. सर्व्हिसवाला आला, गॅसचा दाब मोजायचा गेजसुद्धा न लावता म्हणाला, "ताई, गॅस कमी झालाय, भरून टाकतो." मी म्हटलं, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीतला गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती दाखवा. शिवाय गॅस कमी असला की बहुतेक वेळा कॉइलच्या एका भागावरच बर्फ धरतो, इथे वरपासून खालपर्यंत सारखा होता. यावर त्याने "तुम्हीच करा मग" म्हणून बॅग उचलली.

तीन दिवस जुने हीटर काढले. फक्त हॉल आणि सासऱ्यांची खोली. तीन दिवसांत 59 युनिट! पंपावर अख्ख्या घराला दिवसाला सात-साडेसात लागतात. हीटर एक युनिट खातो आणि एकाच युनिटची उष्णता देतो, त्याचा काही दोष नाही. पंप उष्णता तयार करतच नाही, बाहेरची उचलून आणतो, म्हणून एकाला तीनच्या आसपास देतो. हे वाचून माहीत होतं, पण रोज संध्याकाळी तो आकडा वहीत लिहिताना हात जड होत होता. सासरे मात्र तीन दिवस मजेत.

दुसऱ्या माणसाने आधी बर्फ उतरवला, मग मागचं झाकण काढलं. कॉइलचं तापमान मोजणारा बोटाच्या पेराएवढा सेन्सर क्लिपमधून सुटून नुसता लोंबकळत होता. कॉइल गोठलीय हे मशीनला कळतच नव्हतं, म्हणून डीफ्रॉस्टच होत नव्हता. ज्या डीफ्रॉस्टला मी सारा हिवाळा शिव्या घातल्या, तो बंद पडला म्हणून घर गार पडलं. सेन्सर परत खोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गॅसचा दाब त्याने दाखवला, बरोबर होता.

घेणाऱ्यांनी डबा जमिनीवर टेकवू नये, खाली चांगलं वीतभर स्टँड हवं, नाहीतर पाणी तिथेच गोठतं. आतल्या जाळ्या महिन्यातून दोनदा धुवाव्या. मी पाच तारे देणार होते, चार देते. मशीनला पाच, सर्व्हिसने एक खाल्ला. पहिल्या माणसाचा व्हिजिट चार्ज अजून परत आलेला नाही. तक्रार नंबर वहीत आहे, बादलीच्या मापांच्याच पानावर.