भ्रूण तपासणी सेवा: अर्धी उत्तम, अर्धी नुसती विक्री

आम्ही दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता 25 टक्के. म्हणून आयव्हीएफसोबत (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याचा उपचार) भ्रूणाची तपासणी घेतली. भ्रूण पाच दिवसांचा झाला की त्या सुमारास त्याच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी तपासायला काढतात. ज्यातून बाळ घडतं तो आतला पुंजका तसाच राहतो. समुपदेशक मॅडमनी हे कागदावर चित्र काढून, घाई न करता समजावलं. इथे पैकीच्या पैकी.

मग पुढे आलं ‘प्रीमियम’ पॅकेज: उंची आणि बुद्धिमत्तेच्या अंदाजावरून भ्रूणांची क्रमवारी! हा अंदाज म्हणजे हजारो जनुकीय फरकांची बेरीज, आणि त्यामागची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. आमच्यासाठी तो किती खरा, असं विचारलं तर उत्तर काय, ‘हल्ली सगळे घेतात.’ आजार टाळणं वेगळं, जन्माआधीच पोराची गुणपत्रिका लावणं वेगळं. नवऱ्याने तो फॉर्म कोराच परत केला. थॅलेसेमियाचा रिपोर्ट मात्र वेळेवर मिळाला.