बाबांच्या नावावरचा माझा कोर्स

२०२३ च्या जुलैत माझा बी.कॉम.चा निकाल लागला. सेकंड क्लास. भांडुपला आमच्या मजल्यावरची एक मुलगी एम.कॉम.ला गेली, दुसरी बँकेच्या परीक्षांच्या मागे लागली, आणि मी मोबाईलवर ‘कॉमर्सनंतर काय’ असं शोधत बसले. तिथेच माझं चुकलं असं आई अजून म्हणते. मला नाही तसं वाटत. शोधल्याने काही बिघडलं नव्हतं. पण एका जाहिरातीखालच्या फॉर्ममध्ये मी आपला नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन वाजला.

डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे आकडेवारी तपासून निष्कर्ष काढण्याचा कोर्स, सहा महिने, घरबसल्या, शंभर टक्के प्लेसमेंट. बोलणारी मुलगी आधी हिंदीत बोलत होती, माझं आडनाव ऐकल्यावर मराठीत आली. “अगं, मी पण मराठीच, कल्याणची.” मग पंधरा प्रश्नांची एक ऑनलाइन परीक्षा झाली. तीत मला चाळीस टक्के स्कॉलरशिप ‘मिळाली’ आणि एक लाख चाळीस हजारांची फी चौऱ्याऐंशी हजारांवर आली. मुदत मात्र त्याच रात्री बारापर्यंत. परीक्षेत मी चार प्रश्न नुसते ठोकून दिले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

संध्याकाळी तिसरा फोन आला. “पालकांना कॉलवर घे ना, काकांशी बोलते.” बाबा स्टोअरकीपर आहेत, नुकतेच लोकलमधून धक्के खात घरी आले होते. ती त्यांना म्हणाली, “काका, महिन्याला फक्त साडेतीन हजार, चोवीस हप्ते, एक रुपया व्याज नाही. मुलगी नोकरीला लागली की तीच भरेल.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पुढची वीस मिनिटं मला अजून जशीच्या तशी दिसतात. बाबांनी शर्ट घातला, खिडकीपाशी उजेडात उभे राहिले आणि मोबाईलकडे बघून डोळ्यांची उघडझाप केली, कारण केवायसीचा व्हिडिओ तसाच काढायचा होता. मग ओटीपी आले. एक आधारचा, एक बँकेचा, एक कसल्याशा ॲग्रीमेंटचा. त्यांच्या फोनच्या काचेला मधोमध तडा होता, म्हणून ते आकडे एकेक करून वाचत होते, “आठ... का तीन आहे गं हा?” तिसऱ्या मेसेजला ते थांबले. “यात लोन का लिहिलंय?” फोनवरची म्हणाली, “काका, तो सिस्टिमचा मेसेज असतो. लोन नाही, हप्त्याची सोय आहे.” आणि मी, तीन वर्षं कॉमर्स शिकलेली, त्यांना म्हणाले, “बाबा, तसंच असतं ते.”

ते लोनच होतं. एका फायनान्स कंपनीचं, बाबांच्या नावावर, कारण मला उत्पन्न नव्हतं. ही गोम नीट समजून घ्या. फायनान्स कंपनी कोर्सवाल्यांना फीची रक्कम एकदम देऊन टाकते. ‘बिनव्याजी’ म्हणजे व्याज कोर्सवाले आपल्या वाट्यातून आधीच सोडतात, आणि ते धरूनच फी ठरलेली असते. म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्यांचे पैसे हातात पडले. मी शिकले काय, न शिकले काय, त्यांना काही फरक पडत नव्हता. आमचा हप्ता मात्र ऑटो-डेबिटने दर पाच तारखेला जाणार होता.

कोर्सबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, त्यातले निम्मे यूट्यूबवर फुकट मिळतील असे. रविवारी ‘लाइव्ह’ तासाला शेकड्यांनी मुलं आणि बंद ठेवलेलं चॅट. पैसे परत मागितले तेव्हा कळलं की रिफंड नोंदणीपासून सात दिवसांतच मिळतो. माझी बॅच बाराव्या दिवशी सुरू झाली होती.

सहा महिन्यांनी प्लेसमेंटचा फोन आला. अंधेरीत मुलाखत. गेले. एका हॉलमध्ये हेडफोन लावलेली चाळीसेक पोरं बसली होती. काम काय, तर हेच कोर्स फोनवर विकायचे. समोर ठेवलेल्या कागदावर कॉलचे टप्पे छापलेले होते. तिसरा टप्पा: ‘पालकांना कॉलवर घ्या’. मी पाणी पिऊन येते म्हणाले आणि थेट स्टेशन गाठलं. त्यांच्या नोंदीत ‘उमेदवाराने ऑफर नाकारली’ अशी ओळ पडली आणि हमी तिथेच संपली.

रागाच्या भरात मी बाबांना खात्यात पैसे ठेवू नका म्हणाले. हे कोणी करू नका. हप्ता बाउन्स झाला, बँकेने ५९० रुपये कापले, फायनान्स कंपनीने वर दंड लावला, वसुलीचे फोन बाबांच्या कामावर गेले आणि त्यांचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडता का ते दाखवणारा आकडा, पडला. कोर्स वाईट निघाला म्हणून कर्ज थांबत नाही. भांडण कोर्सवाल्यांशी, देणं दुसऱ्याच कंपनीचं.

पोलीस चौकीत सांगितलं, ओटीपी तुम्हीच दिलेत, ग्राहक आयोगात जा. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. आमचं प्रकरण त्यातलं नव्हतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि ‘शंभर टक्के’ लिहिलेले व्हॉट्सॲप मेसेज जोडले. फोनवरच्या गोडगोड बोलण्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. दोन महिन्यांच्या ईमेलनंतर अठ्ठावीस हजार परत आले. ‘यापुढे तक्रार नाही’ असं लिहून घेऊन. मी सही केली. ग्राहक आयोगात जायला हवं होतं असं आता वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायत या संस्थेत मार्गदर्शनही मिळतं. पण घरात रोज तोच विषय, आणि मी थकले होते.

पदवीनंतर कोर्स करूच नका असं मी म्हणत नाही. स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे लागतात ते सर्टिफिकेटच्या परीक्षेला, तेही हजाराच्या घरात. आधी तिथे महिनाभर बसून बघा, त्या विषयात मन लागतं का. पैसे भरायचेच असतील तर हप्त्याच्या कागदावर कर्ज देणारी कंपनी कोण ते शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात खरा व्याजदर असतो आणि किती दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येईल तेही असतं. आमचं ते ईमेलमध्ये आलं होतं. बाबांच्या ईमेलमध्ये, जो ते कधी उघडत नाहीत. आणि उघडला असता तरी मुद्दल आमच्याकडे होती कुठे?

मी आता मुलुंडला एका सीएंकडे काम करते. त्यांनी मुलाखतीत एक्सेलची एक शीट पुढे सरकवली आणि जुळवणी करायला सांगितली. सर्टिफिकेट पाहिलंही नाही.

शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२५ मध्ये गेला. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, आपोआप येत नाही, तीनदा मागावं लागलं. बाबांनी त्याची झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.