आऊटबोर्डवर बसवलेले मीटर: तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यातल्या सीझननंतर

सुरुवातीलाच सांगतो: आऊटबोर्डसाठी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनासाठी, दोनच मीटर घेण्याएवढे पैसे असतील तर एक कूलिंगच्या पाण्याच्या दाबाचा घ्या आणि दुसरा आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा. स्पीड, पेट्रोल, व्होल्ट हे सगळं नंतर. गेल्या ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरवण्याआधी आम्ही पूर्ण संच बसवला आणि मेअखेरपर्यंत तो रोज वापरला. आता पावसात बोट किनाऱ्यावर झापांखाली आहे, तेव्हा काय कामाला आलं आणि कशाचा त्रास झाला ते सविस्तर लिहितो.

बोट 22 फुटी फायबरची, मागे 60 एचपीचं फोर-स्ट्रोक यामाहा. धंदा देवबाग-तारकर्लीच्या पर्यटकांचा: कर्ली नदी आणि समुद्राचा संगम, त्सुनामी आयलंड, समोर भोगवे आणि समुद्र शांत असेल तर निवतीच्या अंगाला डॉल्फिन दाखवायला. म्हणजे कर्ली खाडीच्या मुखातून सतत ये-जा. ओहोटीला तिथे काही ठिकाणी इंजिन अर्धवट वर उचलूनच बोट काढावी लागते. इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) खालची वाळू ढवळतो आणि ती वाळू कूलिंगच्या पाण्याबरोबर थेट इंजिनाच्या पंपात जाते. मीटर निवडताना हे डोक्यात पक्कं होतं. धरणाच्या गोड्या पाण्यात बोट चालवणाऱ्याची गरज वेगळी असेल.

पहिला प्रश्न काटा की स्क्रीन. एकाच स्क्रीनवर सगळं दाखवणारे मीटर देखणे असतात आणि एनएमईए 2000 च्या (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडण्याची ठरलेली डिजिटल पद्धत) केबलवर जोडले की वायरिंगही कमी लागतं. पण त्यासाठी इंजिनाने तशी डिजिटल माहिती द्यायला हवी. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात ती सोय नसते. आम्ही काट्याचे घेतले ते मुख्यतः उन्हामुळे. दुपारी तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असतो आणि त्यातून काही एलसीडी स्क्रीन विशिष्ट कोनात चक्क काळ्या दिसतात. काट्याचं तसं होत नाही. शिवाय काटा वाचत बसावा लागत नाही. तो नेहमीच्या जागेवरून हलला की समोर बघता बघताही लक्षात येतं. एवढे महिने वापरल्यावर हे मत आणखी पक्कं झालंय.

आता आरपीएम मीटर. हा विकत घेण्याआधी आपलं इंजिन कसला सिग्नल देतं ते मेकॅनिककडून किंवा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून घ्या. आऊटबोर्डवर हा सिग्नल बहुतेक वेळा चार्जिंगच्या बाजूने येतो. फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आत चुंबक, त्याच्या खाली कॉइल. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात त्या कॉइलमधून ठरावीक पल्स (विजेचे ठोके) निघतात आणि मीटर त्याच मोजतो. 12 पोलची कॉइल असेल तर एका फेऱ्याला 6 पल्स. म्हणून मीटरच्या पाठीमागे बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा सिलेक्टर असतो. इंजिन 6 पल्स देत असेल आणि सिलेक्टर 4 वर राहिला, तर इंजिन 4000 वर असताना काटा 6000 दाखवेल. बघणाऱ्याला वाटेल इंजिन धाप लागेपर्यंत पळतंय. सिलेक्टर फिरवल्यावर तो खाचेत नीट बसलाय ना ते दोन्ही बाजूंना हलकेच हलवून बघावं, कारण एकदा मीटर कन्सोलमध्ये (चालवणाऱ्यासमोरच्या पॅनेलमध्ये) गेला की तिथे हात पोचत नाही. आमच्या मेकॅनिककडे स्पार्क प्लगच्या वायरला चिमटा लावून आरपीएम दाखवणारं हातातलं यंत्र होतं. त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच पुढचं काम केलं.

वायरच्या रंगांबद्दल इथे थांबून सांगायलाच हवं, कारण यात मीटर जळतात. अमेरिकन पद्धतीच्या मीटरबरोबर जो कागद येतो त्यात जांभळी वायर चावीनंतरच्या 12 व्होल्टची, राखाडी आरपीएमची, गुलाबी पेट्रोलच्या सेंडरची (मीटरला माहिती पाठवणारा टाकीतला भाग) आणि काळी किंवा पिवळी निगेटिव्हची. यामाहाच्या साध्या अ‍ॅनालॉग हार्नेसमध्ये (वायरच्या जुडग्यात) मात्र पिवळी वायर हीच चावी फिरवल्यावर 12 व्होल्ट देते आणि आरपीएमचा सिग्नल हिरव्या वायरवर असतो. रंगाला रंग जुळवत गेलात तर पिवळ्यावरच शॉर्ट होईल. मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय एकही वायर जोडू देऊ नका, मग समोर कितीही जुना इलेक्ट्रिशियन असो.

या मीटरने पहिल्याच महिन्यात स्वतःची किंमत वसूल केली. आमच्या इंजिनाची फुल थ्रॉटलची ठरलेली रेंज 5000 ते 6000 आहे. रिकामी बोट 5200 पर्यंत जायची, पण पर्यटक भरले की थ्रॉटल पूर्ण उघडूनही काटा 4700 च्या पुढे सरकेना. याचा अर्थ पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकायला हवा ते माप) बोटीच्या वजनाच्या मानाने जास्त आहे आणि इंजिन दबून चालतंय. असं इंजिन पेट्रोल जास्त खातं, आत कार्बन धरतं आणि त्याचं आयुष्य कमी होतं. कानाला यातलं काही कळत नाही, आवाज उलट भारदस्त वाटतो. पिच एक इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, या हिशेबाने दोन इंच कमी पिचचा पंखा लावला. आता भरलेली बोट 5100 च्या आसपास जाते, आणि संगमावरच्या लाटेतून बाहेर पडताना तिचा उचलण्याचा दम कितीतरी सुधारलाय.

पण माझा खरा जीव बसलाय तो पाण्याच्या दाबाच्या मीटरवर. आपल्याकडे आऊटबोर्डचं कूलिंग चालू आहे का हे इंजिनातून मागे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरून बघतात. धार जोरात म्हणजे सगळं ठीक. धार बघायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. मात्र पंप पाणी चढवतोय एवढंच ती सांगते. ते पाणी किती दाबाने इंजिनात फिरतंय हे धारेवरून कळत नाही. उलट कधी धारेचं भोकच वाळूने बुजतं, पंप ठणठणीत असतो आणि आपण घाबरून इंजिन बंद करतो.

आम्ही इंजिनाच्या ब्लॉकवर दाबासाठी जी जागा ठेवलेली असते तिथून बारीक नळी काढून 30 पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं एकक) साधा मेकॅनिकल मीटर लावला. सेंडरवाला इलेक्ट्रिकही मिळतो आणि त्याचा फायदा असा की खारं पाणी कन्सोलपर्यंत येतच नाही. मेकॅनिकलमध्ये नळी फुटली तर कन्सोलच्या आत खाऱ्या पाण्याचा फवारा उडेल, म्हणून तो मीटर सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात, वायरपासून दूर बसवला. तरी मेकॅनिकल घेतला, कारण तो बॅटरी, अर्थिंग, वायर कशावरच अवलंबून नाही.

पहिले काही दिवस फक्त आकडे लिहून ठेवले. आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) 2-3 पीएसआय, 4000 आरपीएमला 12. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे येतील, म्हणून दुसऱ्याच्या बोटीशी तुलना करू नये. स्वतःच्या निरोगी इंजिनाचा नेहमीचा आकडा कळला की मीटर बोलायला लागतो. आमच्याकडे तो कन्सोलवर मार्करने लिहिलेला आहे.

जानेवारीत, ऐन गर्दीत, तांडेल सकाळी म्हणाला, "दादा, काटो खाली इलो, पण धार तर बरी असा." त्याच 4000 ला काटा 8 वर. धार खरंच बरी होती, टेम्परेचरचा बझरही शांत. हा बझर इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यावरच वाजतो आणि इंजिन आपोआप आरपीएम खाली आणतं. भर संगमात, मागून लाट येत असताना ते झालं तर बोट हातात राहत नाही. त्या दिवशीच्या फेऱ्या थांबवल्या आणि संध्याकाळी गिअरकेस (इंजिनाचा खालचा भाग) उतरवून पंप उघडला. इम्पेलरच्या (पंपात पाणी ढकलणारं चाक) रबरी पात्या एकाच बाजूला वाकून तशाच राहिल्या होत्या, त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. ज्या स्टीलच्या वाटीत इम्पेलर फिरतो तिच्यावर वाळूने गोल गोल चरे पाडले होते, बोटाचं नख अडकावं इतके खोल. खालच्या पत्र्यावरही खोबण पडली होती. नुसता इम्पेलर बदलून भागलं नसतं, वाटी आणि पत्रा असा पूर्ण संच बदलला. दुसऱ्या दिवशी काटा परत 12 वर. धारेवर विसंबलो असतो तर इंजिन कुठे आणि केव्हा तापलं असतं याचा विचार करूनही पोटात गोळा येतो, कारण बोटीत लहान मुलं असतात.

तेव्हापासून ओहोटीला उथळातून बोट काढली की तांडेल आधी दाबाचा काटा बघतो. प्लास्टिकची पिशवी इंजिनाच्या पाणी घेणाऱ्या जाळीवर बसली तरी काटा लगेच पडतो. इंजिन न्यूट्रलला घेऊन उचलायचं, पिशवी काढायची, पुढे जायचं.

पेट्रोलच्या मीटरबाबत एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. टाकीतला सेंडर आणि समोरचा मीटर एकाच जातीचे हवेत. सेंडरचा विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात. अमेरिकन जातीत टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33. युरोपियन जातीत रिकामीला 10 आणि भरलेलीला 180. म्हणजे दोन्ही बरोबर उलट चालतात. खाऱ्या हवेत वायर कुजून तुटणं ही ठरलेली गोष्ट आहे. वायर तुटली की ओहम अमर्याद वाढतात, तेव्हा अमेरिकन मीटर "रिकामी" दाखवतो आणि युरोपियन मीटर "फुल". निवतीच्या बाजूला असताना मीटरने खोटं बोलायचंच असेल तर ते "रिकामी" म्हणून बोलावं, त्यामुळे आम्ही 240-33 घेतला. सेंडर टाकीत घालण्याआधी फ्लोट हाताने वर-खाली करून मल्टिमीटरवर ओहम तपासून घेतले. टाकी तळाला निमुळती असल्याने काटा अर्ध्यावर असताना पेट्रोल अर्ध्याहून बरंच कमी असतं. टाकी पूर्ण रिकामी करून दहा-दहा लिटर भरत काचेच्या कडेला खुणा केल्या, आता त्यांच्यावरच भरवसा ठेवतो. लाटेत काटा नाचतो, तेव्हा वाचायचा तो बोट थांबवूनच. हे काम करताना हॅच उघडे, बॅटरी सुटी आणि जवळपास कुणाची विडी नको.

बसवण्याच्या कामात घाई करू नका. आरपीएमच्या मोठ्या मीटरला 85 मिमीचं भोक लागतं, छोट्यांना 52 मिमीचं. फायबरवर आधी मास्किंग टेप लावायची, होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) सुरुवातीला उलटा फिरवून वरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) कापायचा आणि मग सरळ, म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत. मागचे नट हातानेच आवळायचे, पाना लावला की केस तडकते. मीटरच्या आत चुंबक असतो, म्हणून होकायंत्र त्याच्यापासून लांब ठेवा. वायर मात्र कलई केलेल्या तांब्याचीच घ्या. बाजारातली घरगुती वायर आमच्या शेजारच्या बोटीवर एका सीझनमध्ये आतून हिरवी-काळी झालेली मी पाहिली आहे. प्रत्येक जोडाला आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, मीटरांच्या लाइनवर वेगळा छोटा फ्यूज, आणि मीटरच्या मागे वायरला खाली झोका, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी टर्मिनलवर न जाता खाली ठिबकतं. आमच्या खर्चातला चांगला पाव हिस्सा या बारीकसारीक सामानात गेला आणि त्यातला एकही रुपया वाया गेलेला नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. व्होल्ट मीटर स्वस्त आहे आणि उपयोगी आहे: इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 च्या मध्ये हवा. आयडलला आऊटबोर्ड फारसं चार्ज करत नाही, त्यामुळे पर्यटकांच्या फोटोसाठी तासन्‌तास आयडलवर थांबणाऱ्या बोटीची बॅटरी का बसते हे त्याच्यामुळे कळलं. तासांचा मीटर आरपीएम मीटरमध्येच असलेला घेतला. वेगळा घेतलात तर तो नुसत्या चावीवर जोडू नका, इंजिन बंद असताना चावी राहिली तरी तास मोजत राहतो. पहिली सर्व्हिस 20 तासांना आणि मग दर 100 तासांना, हा कंपनीचा हिशेब पर्यटनाच्या बोटीवर दिवाळी ते नाताळ कधी संपतो ते समजतसुद्धा नाही. स्पीड मीटर घ्यायचाच तर जीपीएसचा. पाण्याच्या नळीवर चालणारा जुन्या पद्धतीचा मीटर आमच्या वाळूत टिकणार नाही. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, त्यामुळे ओहोटीच्या ओढीबरोबर खाडीतून बाहेर पडताना आकडा फुगतो, एवढं लक्षात ठेवा. ट्रिम मीटर (इंजिन किती कललंय ते दाखवणारा) घेतला नाही आणि त्याची उणीवही जाणवली नाही.

तक्रार एकाच मीटरबद्दल. पेट्रोलचा मीटर एका ऑनलाइन दुकानातून घेतला होता, वर्णनात "वॉटरप्रूफ" लिहिलेलं. प्रत्यक्षात सील फक्त समोरच्या काचेला, पाठ उघडीच. डिसेंबरच्या थंडीत सकाळी काचेच्या आत दव धरायला लागलं, मार्चपर्यंत आतल्या पांढऱ्या तबकडीवर डाग पडले, आणि दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. काटा अजून बरोबर चालतो, पण सकाळच्या पहिल्या फेरीला वाचता येत नाही. घेताना आयपी67 हे (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) पूर्ण मीटरला आहे की फक्त पुढच्या भागाला, हे लेखी विचारून घ्या.

या पावसाळ्यात तो मीटर बदलतोय, सेंडर तोच 240-33 चा ठेवून. दाबाच्या मीटरची नळीही बदलणार आहे. ती गोड्या पाण्याने धुतली तरी वाकणावर मिठाचा पांढरा थर दिसतोय, आणि तिथे ती थोडी कडक झाली आहे. नवी नळी एक मापाने जाड घेतलीय. सप्टेंबरमध्ये बोट उतरली की 4000 ला काटा पुन्हा 12 वर येतो का ते आधी बघायचं, मगच माणसं घ्यायची.