बर्लिनमध्ये गोंदवलेलं ‘शिरवळ’: एक उन्हाळा सरल्यावरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात बर्लिनला उजव्या हातावर, कोपराच्या खाली आतल्या बाजूला टॅटू करून घेतला. वर ‘शिरवळ’ हे गावाचं नाव आणि खाली मनगटाजवळ जुन्या गोंदणातल्या ठिपक्यांची पट्टी, एवढाच. त्यानंतर त्या हाताने कोरडी थंडी बघितली, तळ्यावरचं पोहणं बघितलं आणि एसी नसलेल्या ऑफिसातला ऑगस्टही काढला, म्हणून आता लिहितेय. ताज्या टॅटूचा चकचकीत फोटो टाकून ‘मस्त झालाय’ म्हणणारे खूप भेटतात. कातडी भरून आल्यावर, शाई बसल्यावर काय उरतं ते फारसं कुणी सांगत नाही.

निकाल आधीच सांगते. पुन्हा करायचा तर ज्या नेपाळी मुलीने तो काढला, तिच्याकडेच जाईन. पण ‘आपल्या भाषेत बोलणारा कलाकार हवा’ म्हणून मी जो शोध घेतला, त्यातलं बोलणं दुय्यम निघालं. उपयोगी पडली ती तिची लिपी आणि तिची कातडी.

मी स्टुटगार्टला राहते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर उत्तरं ठरलेली आली: ‘पुण्यात करून ये, निम्म्याहून कमी पैशात होईल.’ पैशांचं खरं आहे. इथे चांगला स्टुडिओ तासाला 100 ते 150 युरो घेतो आणि एवढासा ठिपका काढायचा तरी 80-100 युरोंच्या खाली कुणी सुई उचलत नाही. पण सुट्टीत घरी गेलं की दोन लग्नं, एक वास्तुशांत, एसटीचा प्रवास आणि घाम. ताज्या जखमेला याहून वाईट दिवस नाहीत. शिवाय महिना-दीड महिन्याने टच-अप लागलं तर त्यासाठी कोण पुण्याला जाणार? टॅटू आपण राहतो त्याच देशात करावा, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आता पक्कं झालंय.

आधी जवळच्याच एका जर्मन स्टुडिओत गेले. माणूस सज्जन होता, इंग्रजी उत्तम, हात स्वच्छ आणि काम बारीक. त्याने ‘शिरवळ’ ई-मेलवर मागवलं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं आणि स्टेन्सिल काढून समोर ठेवलं. वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन सुटी पडली होती आणि तिच्या पोटात एक तुटक रेघांचं वर्तुळ. देवनागरी ज्यांनी कधी कॉम्प्युटरवर बसवली आहे त्यांना हे वर्तुळ ओळखीचं आहे. डिझाइनच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी सुरू करावी लागते, नाहीतर अक्षरं अशी फुटतात. त्या बिचाऱ्याला ते वर्तुळ नक्षीचाच भाग वाटलं आणि ‘हे जरा ठळक करू का?’ असं त्याने विचारलं. मी कॉफी संपवून निघाले.

त्याला नीट चित्र दिलं असतं तर त्याने हुबेहूब गिरवलं असतं, यात मला शंका नाही. गिरवणं सगळ्यांना येतं. अडचण असते ती ठरवण्याची. सुई कातडीवर चालताना कुठली रेघ जरा जाड झाली तरी चालेल आणि कुठली पोकळी मिटली की अक्षरच बदलेल, हे लिहिणाऱ्यालाच कळतं. ळ चंच बघा. त्याच्या दोन कड्यांमधली जागा हेच त्याचं सगळं. काळानुसार शाई कातडीत थोडी पसरतेच, आणि अक्षर लहान असेल तर त्या कड्या भरून जातात आणि उरतो नुसता डाग.

देवनागरी टॅटूंची चेष्टा जुनी आहे. डेव्हिड बेकहॅमने बायकोचं नाव हातावर देवनागरीत काढलं तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘स्पेलिंग चुकलं, एक एच जास्त पडला’ म्हणून त्याची टर उडवली होती. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘व्हिक्टोरिया’ असंच लिहीत आलोय. बोरीबंदरच्या स्टेशनचं जुनं नाव कुणालाही विचारा. हिंदीच्या हिशेबाने नापास ठरलेला तो हात मराठीच्या पेपरात पास झाला असता.

मग इन्स्टाग्रामवर देवनागरी काम शोधत बसले आणि बर्लिनच्या नॉयकोल्नमधली एक नेपाळी मुलगी सापडली. मराठी नाही, भारतीयही नाही. पण नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, तेव्हा शाळेपासून हात त्याच अक्षरांवर बसलेला. हिंदी तिला सिनेमांमुळे येत होती; माझी हिंदी म्हणजे सातारी मराठीवर चढवलेला हिंदीचा सदरा. तिने पहिल्याच मेसेजात ‘दिदी’ म्हटलं आणि आगाऊ 50 युरो मागितले. दोन्ही गोष्टी मला आवडल्या.

तिथे गेल्यावर मजा झाली ती ळ ची. नेपाळीत ळ नाही, आणि हिंदीच्या रोजच्या लिखाणातही तो भेटत नाही. ‘दिदी, ये कौन सा अक्षर है?’ म्हणाली. मग मी कागदावर बोरूसारख्या चपट्या निबाच्या पेनाने तो बऱ्याच वेळा लिहून दाखवला, ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग स्वतः लिहू लागली. रेघ कुठून सुरू होते, कुठे वळते, हात कुठे उचलतो हे आधी तिने शिकून घेतलं आणि मगच स्टेन्सिलला हात घातला. श चीही तीच गोष्ट. तिने हिंदी पुस्तकांत असतो तसा गाठीचा श काढला होता. मला हवा होता आपला शेंडीफोड्या श. महाराष्ट्र सरकारने 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी हाच श आणि पाकळीचा ल धरला, पण फोनवर दोन्ही रूपांचा संकेतांक एकच असतो. दिसणार कुठलं ते समोरच्याच्या फॉन्टवर ठरतं. म्हणून ज्यांना मराठी अक्षरं गोंदवायची आहेत त्यांनी शब्द टाइप करून पाठवू नये. कागदावर लिहावा आणि फोटो पाठवावा. अक्षरांची उंची तिने मी म्हटलं त्यापेक्षा बरीच वाढवायला लावली, कारण तेच, ळ च्या कड्या. तेव्हा मला ते बटबटीत वाटलं होतं. आज बघते तर दोन्ही कड्या स्वच्छ उघड्या आहेत.

आता कातडीचं. जर्मन स्टुडिओत संमतीपत्र भरताना ‘वाढीव व्रण येतात का?’ या ओळीपुढे मी ‘माहीत नाही’ लिहिलं होतं आणि त्याने मान डोलावून पान उलटलं होतं. हिने बाही वर करायला सांगितली आणि थेट दंडावरची बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, खूण बोटाने चाचपली. ती सपाट आहे, फुगीर गाठ नाही, हे बघून मग कान टोचलेली जागा बघितली. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या दंडावर ती खूण असते, नेपाळातही असते. जर्मनीत बीसीजीची शिफारस 1998 मध्येच थांबली, त्यामुळे इथल्या तरुण कलाकाराला ती कुठे शोधायची हेच सुचणार नाही. सावळ्या आणि काळ्या कातडीत केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण, होण्याची शक्यता जास्त, आणि लस टोचलेला दंड ही त्याची नेहमीची जागा. दोन मिनिटांची तपासणी, पण ती करायची असते हे तिला स्वतःच्या दंडावरून ठाऊक होतं.

रंगाबद्दलही तिने स्पष्ट सांगितलं. मला ठिपके हिरवट हवे होते, गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर आणि हातांवर दिसतात तसे. ती म्हणाली, हिरवा नको, काळाच घे. एक तर आपल्या कातडीत रंगद्रव्याचा थर शाईच्या वर असतो, त्यामुळे फिके रंग त्याखाली मळके दिसतात. दुसरं म्हणजे युरोपियन युनियनने 4 जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या आणि वर्षभराने, जानेवारी 2023 पासून, निळा 15:3 आणि हिरवा 7 ही दोन नेहमीची रंगद्रव्यंही बंद झाली. जुन्या छटा आता तशाच मिळतील याची खात्री नाही. आणि तिसरं मला सर्वांत पटलं: ते जुनं गोंदण मुळात हिरवं नव्हतंच. ती काजळी. खोल बसलेली काळी शाई प्रकाश शोषून घेते आणि वरच्या कातडीतून निळसर प्रकाशच जास्त विखरून परततो, म्हणून ती निळसर-हिरवी भासते. म्हणजे माझ्या ठिपक्यांना तो रंग यायला आणखी काही दशकं थांबायचं. थांबते.

काम चालू असताना मनगटाजवळ दुखलं तेव्हा ‘आई गं’ निघालं आणि तिने सुई उचलली. एवढ्यासाठी भाषा येणारा कलाकार हवा असं म्हणणाऱ्यांना सांगते, हे जर्मनालाही कळलं असतं.

भाषेचा खरा उपयोग झाला तो एकदाच, आणि तो माझ्यासाठी नव्हताच. मी तिथे असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. हातावरचं बघून आधी ‘अगं काय करून घेतलंस’ झालं, मग गावाचं नाव वाचून जरा शांत झाली आणि मग एकदम डॉक्टर झाली. फोन कलाकाराकडे दे म्हणाली. ‘बेटा, इसको हल्दी लगाया तो चलेगा ना? और खोबरेल तेल?’ पोरगी हसली नाही. तिने शांतपणे समजावलं: ‘नहीं आंटी, अभी खुला घाव है, हल्दी नहीं, तेल भी नहीं.’ मी हेच दहा वेळा सांगितलं असतं तरी ऐकून घेतलं नसतं. त्यानंतर आईने हळदीचं नाव काढलं नाही. (तेल मात्र पुढच्या पार्सलात आलंच.)

भरून येण्याचा काळ सांगितल्याप्रमाणे गेला. पारदर्शक चिकट फिल्म काही दिवस ठेवली, तिच्याखाली शाई आणि जखमेतून पाझरणारा द्रव मिसळून काळं पाणी साचलं, ते घाबरवणारं दिसतं पण नेहमीचं आहे. मग बिनवासाच्या साबणाने धुणं आणि पॅन्थेनॉलचं मलम अगदी पातळ. दुसऱ्या आठवड्यातली खाज ही मात्र खरी परीक्षा, सुईपेक्षा वाईट. पोहणं, सॉना, टबात बसणं हे सगळं महिनाभर बंद. म्हणूनच थंडीत करावा. उन्हाळ्यात 50 एसपीएफची क्रीम न चुकता लावली आणि त्याचा फरक दिसतो.

तक्रारीही आहेत. वेळ मिळवायला फार ताटकळावं लागलं, मेसेजला उत्तर मनात येईल तेव्हा. कार्ड चालत नाही, सगळं रोख. आणि ओळखीची भाषा आली की ओळखीचे प्रश्नही येतात: लग्न झालं का, घरी कोण असतं, पगार पुरतो का. सुई चालू असताना हात सोडवून पळताही येत नाही. ज्यांना अशा वेळी गप्प पडून राहायचं असतं त्यांना अनोळखी भाषेचा कलाकारच बरा. ग्रुपवर काहींनी विचारलं, ‘आपलीच आहे तर कमी घेतले असतील ना?’ नाही घेतले, आणि मी मागितलेही नाहीत. ळ शिकायला जो वेळ गेला त्याचेही तिने पैसे लावले नाहीत, हे मला पुरेसं वाटलं.

टच-अपला एकदा जावं लागलं. मनगटाच्या घडीजवळचा एक ठिपका जवळपास पुसला गेला होता आणि वेलांटीच्या टोकाला शाई फिकी धरली होती. टच-अप फुकट, पण स्टुटगार्ट-बर्लिन रेल्वे सहा तासांच्या आसपासची आणि तिकीट फुकट नाही. घडीजवळचा तो ठिपका आता पुन्हा थोडा पसरलाय. तिने आधीच बजावलं होतं की तिथे शाई धरत नाही, पट्टी अर्धा इंच वर घेऊ. हट्ट माझा होता.

दोन गोष्टी संमतीपत्राच्या निमित्ताने कळल्या, त्या इथल्या मराठी लोकांनी ध्यानात ठेवाव्यात. जर्मनीच्या सामाजिक कायद्याच्या पाचव्या पुस्तकातल्या कलम 52 प्रमाणे टॅटूमुळे काही बिघडलं तर उपचाराच्या खर्चातला वाटा सरकारी विमा तुमच्याकडून वसूल करतो. आणि टॅटूनंतर इथे चार महिने रक्तदान करता येत नाही, भारतात वर्षभर. माझे चार महिने कधीच उलटले, गेल्या शिबिरात रक्त देऊन आले. तिथल्या नर्सने हात उलटून ‘हे काय लिहिलंय?’ विचारलं. गाव आहे म्हटलं, नीरेच्या काठचं.

धाकट्या बहिणीला आता फक्त ठिपक्यांची पट्टी हवीय, अक्षरं नकोत. तिला मी बर्लिनचं नाव सुचवलं नाही. ठिपक्यांसाठी म्युनिकमधलाच कुणी नीट हाताचा बघ, आणि जायच्या आधी बाही वर करून बीसीजीची खूण स्वतःच चाचपून बघ, असं सांगितलंय.