1986 ची प्रीमियर पद्मिनी, 11 वर्षं वापरून झाल्यावर: ठेवायची की विकायची

आधी गाडीची माहिती देते म्हणजे पुढचं बोलायला बरं. प्रीमियर पद्मिनी, 1986 मॉडेल, पेट्रोल, 1089 सीसी, चार गिअर आणि ते स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे हँडगिअर. रंग क्रीम. 2014 च्या मे महिन्यात साताऱ्याच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून 65 हजाराला घेतली. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे, ही निव्वळ हौस. मार्च 2026 ला हिचं पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, संपतंय आणि गेली दोन वर्षं आमच्या घरात जेवताना एकच विषय, हिला ठेवायची का विकायची. तो सगळा हिशोब इथे मांडतेय कारण माझ्यासारखी एखादी जुनी गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असलेली बरीच माणसं मला भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न हाच असतो.

मी 1996 ला सांगलीत मोटर ट्रेनिंग स्कूलला गाडी शिकले ती फियाटवरच, पद्मिनीला सगळे फियाटच म्हणायचे. पुढे सलग सीट, शेजारी शिकवणारे काका, आणि त्यांचं एक वाक्य रोज, 'थांब, गाडी पूर्ण थांबू दे, मग पहिला टाक.' कारण पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही, गाडी जरा जरी सरकत असली तरी दात घासल्याचा आवाज येतो. ते डोक्यात इतकं बसलंय की आजही मी साध्या गाडीत पहिला टाकायच्या आधी पूर्ण थांबते. हौस तिथून आली, बाकी काही नाही.

गाडीचा इतिहास बहुतेकांना माहीत असेल तरी थोडं सांगते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथे 1954 पासून फियाट 1100 यायला लागली, ती गोल पाठीची जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे. मग 1964 ला 1100 डिलाइट, आणि तीच गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी नावाने विकली गेली. म्हणजे माझी 1986 ची असली तरी डिझाइन साठीच्या दशकातलं आहे आणि ते चालवताना प्रत्येक गोष्टीत जाणवतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढे किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या पिना, ज्यांना ग्रीस वेळेवर नाही दिलं तर स्टिअरिंग दगडासारखं होतं. ताकद 40 हॉर्सपॉवरच्या आसपास. 60 च्या स्पीडला गाडी मजेत असते, 80 ला ती ओरडायला लागते, त्याच्या पुढे मी कधी नेली नाही आणि न्यावीशी वाटलीही नाही. एसी नाही, पण पुढच्या दाराला ती तिकोनी काच आहे ना, ती उलटी फिरवली की वारं थेट छातीवर येतं. ते सुख नवीन गाडीत नाही. अ‍ॅव्हरेज 11 ते 12, त्याहून जास्त कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता त्रासाचं.

मी 2018 ला हिला पूर्ण पत्राकाम आणि रंग करून घेतला, 38 हजार दिले. ज्याने केलं त्याचं नाव घेत नाही, पण दोन वर्षांत दाराच्या खालच्या कडेला फोड आले, नखाने टोकरलं तर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आणि त्याच्या मागे गंज जसाच्या तसा. पत्रा कापून नवीन लावायच्या ऐवजी वरून लांबी भरून रंग मारला होता. रंगाच्या दिवशी गाडी इतकी सुंदर दिसत होती की मी खाली वाकून बघितलंच नाही, आणि त्याची हळहळ मला आजही आहे. म्हणून कुणी घेणार असाल तर साधं लोहचुंबक खिशात ठेवा, फडक्यात गुंडाळून दाराच्या खाली, उंबऱ्याला, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. आणि पायातलं मॅटिंग उचलायला सांगा. मालक नाही म्हणाला तर सरळ घरी या.

दुसरा त्रास उन्हाळ्याचा. एप्रिल 2023 ला आम्ही वाईला निघालो, खंबाटकी घाट चढताना दुपारी बाराच्या सुमारास गाडीने दोन झटके दिले आणि बंद पडली. तेव्हा सातारच्या बाजूला जाताना घाटच चढावा लागायचा, बोगदा येताना असायचा, त्यामुळे मागे ट्रकची रांग आणि आम्ही मधे. व्हेपर लॉक. इंजिन तापलं की इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. माझ्या मेकॅनिक काकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी ओढणी बाटलीतल्या पाण्याने भिजवून त्या पंपावर गुंडाळली, वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिले, दहाएक मिनिटांनी गाडी सुरू झाली. एका ट्रकवाल्याने तोवर मागे त्याची गाडी आडवी लावून बाकीच्यांना बाजूने काढलं, त्याचे आभार मानायचे राहिले याचं वाईट वाटतं. पण नवरा त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, 'आता पुरे, देऊन टाकू.'

त्यानंतर मी घाबरले हे खरं. गाडी काढायची बंदच केली म्हणा ना. आणि इथे मला जे कळलं ते सांगायला हे सगळं लिहितेय.

मी डायरी ठेवते. एप्रिल 2023 च्या त्या वाईच्या फेरीनंतर मार्च 2024 पर्यंत गाडी 340 किलोमीटर चालली. 14 वेळा बाहेर निघाली, त्यातल्या 9 वेळा गॅरेज, पेट्रोल पंप नाहीतर पीयूसी. म्हणजे गाडीत बसून कुठेतरी गेले असं वर्षातून पाच वेळा. आणि खर्च बघा. बॅटरी बसली, 4,800. चाकांचे सिलिंडर जाम होऊन गळायला लागले, ब्रेकचं सगळं मिळून 7,200. टाकीत गंज आणि पाणी, टाकी उतरवून साफ करून पाइप बदलले 5,500. कार्बोरेटर सर्व्हिस आणि पंपाचं किट 4,300. उंदराने वायरिंग कुरतडलं, 5,600. इन्शुरन्स थर्ड पार्टी 3,416 अधिक जीएसटी म्हणजे 4,031, फुल इन्शुरन्स माझ्या कंपनीने गाडीचं वय बघून दिलाच नाही. एकूण 31 हजार 431. सोसायटी दुसऱ्या गाडीचे महिन्याला 500 घेते ते वेगळे. पेट्रोल न धरता किलोमीटरला 92 रुपये पडले हो!

हा कागद मी काकांना दाखवला. पुण्याच्या नाना पेठेतून स्पेअर आणून त्यांनी आयुष्यभर फियाट दुरुस्त केल्यात, मूळचे भोरकडचे. ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, 'ताई, ह्यातलं एक तरी चालवल्यामुळं बिघडलंय का सांगा. ही गाडी चालून न्हाई मरत, उभी राहून मरती. चालवा, न्हाईतर द्या कुणाला तरी.'

मी घरी येऊन परत वाचलं आणि खरंच एकही नाही. बॅटरी उभी राहून बसली. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडरमधले पिस्टन हलले नाहीत की गंजून जाम होतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल पाणी धरतं, अर्धी रिकामी टाकी चार महिने तशीच ठेवली की ते पाणी तळाला बसतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो असं काका म्हणतात आणि माझ्या पंपाचा पडदा मी हातात घेऊन बघितलाय, कडेला लगद्यासारखा मऊ झाला होता. उंदीरसुद्धा चालत्या गाडीत घर करत नाही. मी आठवड्यातून एकदा खाली जाऊन पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायचे आणि मला वाटायचं मी काळजी घेतेय, तर त्याने उलट नुकसान, इंजिन नीट गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि बॅटरी जितकी खर्च होते तितकी भरतही नाही.

मग घरात ठरलं की एक वर्ष गाडी नीट चालवायची आणि तरी परवडली नाही तर विकायची. एक रविवार सोडून एक, सकाळी सहाला, कमीत कमी 40 किलोमीटर, पाऊस खूप असेल तर नाही. टाकी भरलेली ठेवायची. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या बसवल्या. एप्रिल 2024 ते मार्च 2025, गाडी 2,150 किलोमीटर चालली. पानशेत, सासवड, दोनदा भोर, एकदा वाईसुद्धा, यावेळी पहाटे पाचला निघून घाट थंडपणात चढलो. खर्च पेट्रोल सोडून 13 हजार 600, त्यात इन्शुरन्स आलं आणि नंबर प्लेटचे 879 पण आले. किलोमीटरला सहा रुपये आणि काही पैसे. सुरू होताना आता चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला धरते, आधी मला कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतावं लागायचं कारण वाटीतलं उडून गेलेलं असायचं.

नंबर प्लेटचं मात्र मला लागलं. साताऱ्याच्या पेंटरने हाताने रंगवलेली जुनी पाटी होती, एम पासूनची तीन अक्षरं, त्यातल्या चारच्या आकड्याला त्याने खाली बारीक शेपूट काढलं होतं. ती काढून हाय सिक्युरिटीची लावावी लागली. नियम आहे, बरोबर आहे, पण जुनी पाटी मी घरात कपाटावर ठेवलीय.

मधल्या काळात गिऱ्हाइकंही येऊन गेली. ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मर्यादा संपून बंद झाली, बातम्या आल्या आणि त्या आठवड्यात मला तीन फोन. एकाला कॅफेच्या भिंतीत बसवायला फक्त पुढचा अर्धा भाग हवा होता, त्याला मी पूर्ण बोलूही दिलं नाही. दुसऱ्याने 1 लाख 40 हजार सांगितले, रोख, त्याला आतलं इंजिन काढून नवीन गाडीचं टाकायचं होतं. पैसे चांगले होते, नवऱ्याचं मत दे असंच होतं, मी दोन रात्री विचार केला आणि नाही म्हणले. तिसरा भोरचा पंचविशीतला मुलगा, एसटीने आला, आल्या आल्या बॉनेट उघडायला न सांगता गाडीखाली आडवा झाला आणि टॉर्चने उंबऱ्याचा पत्रा बघितला. तेव्हाच मला कळलं की याला गाडी कळते. 90 हजार म्हणाला, त्याच्या वर जमणार नाही म्हणाला. त्याला मी देणार होते, खरंच. चक्कर मारून आलो, तर उतरताना तोच म्हणाला, 'ताई, गिअर टाकताना तुमचा हात बघितला. तुम्ही चालवताय तोवर ठेवा, बंद केली की पहिला फोन मला करा.' त्याचा नंबर मी सेव्ह केलाय.

म्हणून ज्यांची गाडी उभी आहे त्यांना माझं मत असं की 'विकू का' हा प्रश्न नंतर, आधी मागच्या 12 महिन्यांत ती किती वेळा निघाली आणि कशाला निघाली हे लिहून काढा. गॅरेज आणि पंप सोडून फेऱ्या उरत नसतील आणि पुढच्या वर्षीही रविवार मोकळा मिळणार नसेल तर द्या, आणि लवकर द्या, कारण दर पावसाळ्यात पत्र्याची किंमत कमी होते. भाव वाढेल म्हणून कव्हर घालून ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, तसं करू नका. सरकारी व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांची लागते, माझी 2036 ला होईल, आणि व्हिंटेज झाली की रोजच्यासारखी रस्त्यावर काढताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. मला ती चालवायला हवीय.

राहता राहिलं पासिंग. 2021 ला फी 600 होती, 2022 पासून 5 हजार झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारला 10 हजार, पर्यावरण कर वेगळा. हे ऐकून नवऱ्याने भुवया उंचावल्या, मी त्याच्यासमोर दोन्ही वर्षांचे कागद ठेवले, त्याने 92 आणि 6 हे आकडे बघितले आणि म्हणाला, 'भर मग, पण रविवार चुकवायचा नाही.' भरतेय. त्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून नवीन वेल्ड करायचाय, यावेळी काकांच्या समोर आणि मी स्वतः तिथे उभी राहून, जानेवारीचा दुसरा आठवडा ठरलाय.