सीएमसीची प्लेट की गाळणकागदाची पट्टी? सेल्युलोज खाणारे जंतू शोधताना कोणती चाळणी घ्यावी

पऱ्हाटीच्या ढिगाखालची माती आणली, पाण्यात विरळ करून प्लेटवर पसरली, कॉलन्या उठल्या. आता यातल्या सेल्युलोज मोडणाऱ्या कोणत्या? मुख्य वाटा दोन. एक म्हणजे पाण्यात विरघळणारं, रासायनिकरीत्या बदललेलं सेल्युलोज, अर्थात सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज), अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, घालायचं आणि काँगो रेड या रंगाने रंगवून कॉलनीभोवतीचं वलय बघायचं. दुसरी म्हणजे न विरघळणारं खरं सेल्युलोज, गाळणकागद किंवा ॲव्हिसेल (स्फटिकी सेल्युलोजची पूड), जंतूसमोर ठेवायचं आणि त्याचं काय होतं ते पाहायचं. एमएस्सीच्या प्रकल्पांत बहुतेक जण पहिल्या वाटेने जातात आणि तिथेच मुक्काम करतात. सुरुवातीच्या गाळणीला सीएमसी खुशाल वापरा. पण कोणता जंतू पुढे न्यायचा हे तिला ठरवू देऊ नका.

सीएमसीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्वस्त आहे, एका बैठकीत शंभर कॉलन्या पाहून होतात. टीदर आणि वुड यांनी १९८२ साली दिलेली रीत अजून तशीच चालते: ०.१ टक्का काँगो रेड पंधरा मिनिटं ओतून ठेवायचं, मग १ मोलर मिठाच्या द्रावणाने धुवायचं. रंग लांब साखळ्यांना धरून राहतो, साखळ्या तुटल्या तिथून निघून जातो, म्हणून लाल प्लेटवर फिकट वलय दिसतं. धुताना कॉलन्या वाहून एकमेकींत मिसळतात, तेव्हा आधी दुसऱ्या प्लेटवर नक्कल काढून ठेवाच. काँगो रेड बेंझिडीनपासून बनलेला रंग आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नये. नको असेल तर ग्रॅमचं आयोडीन आहे. पालमपूरच्या संशोधकांनी २००८ मध्ये ही पद्धत दिली आणि ती काही मिनिटांत उरकते.

अडचण वलयाचा अर्थ लावताना येते. वलय मोठं म्हणजे जंतू जोरदार, असं धरून वलयाचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास असा आकडा काढतात आणि त्यावर क्रमवारी लावतात. खरं तर वलय किती पसरेल हे एन्झाइम अगारमधून किती सहज झिरपतं यावरही ठरतं. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमसारखे जंतू आपली एन्झाइमं पेशीच्या अंगावरच गुंफून ठेवतात. असे जंतू मुळात हवेत वाढत नाहीत, पण वाढले असते तरी वलयाच्या शर्यतीत मागेच पडले असते.

आणि त्याहून मोठी गोष्ट: सीएमसीला फक्त एंडोग्लुकानेज दिसतं, म्हणजे साखळीला मधूनच तोडणारं एन्झाइम. स्फटिकी, म्हणजे साखळ्या घट्ट रचलेलं, सेल्युलोज खाण्याचं मोठं काम ज्याच्याकडे असतं ते सेलोबायोहायड्रोलेज साखळीचं टोक आपल्या बोगद्यात ओढून घेतं आणि दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडत पुढे सरकतं. सीएमसीच्या साखळीला जागोजागी कार्बॉक्सिमिथाइल गट चिकटलेले असतात, ते या बोगद्यात अडतात. म्हणून ज्याच्यावर सगळी भिस्त तेच प्लेटवर जवळपास अदृश्य राहतं.

हे काही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड भराभर कुजायचं. सॉलोमन बेटांवरच्या अशाच कापडावरून क्यूएम ६ए ही बुरशी वेगळी केली गेली, तीच पुढे ट्रायकोडर्मा रीसी. जिच्या नावात ज्यांचं नाव आहे त्या एल्विन रीस यांनी सहकाऱ्यांसह १९५० मध्येच दाखवलं होतं की विरघळणारं सेल्युलोज खाणारे जीव ढीगभर, पण त्यातल्या अनेकांना अख्खा कापूस खाता येत नाही. एलपीएमओ नावाच्या एन्झाइमांचंही तसंच झालं. या गटातली बुरशीची प्रथिनं बरीच वर्षं कमकुवत एंडोग्लुकानेज म्हणून एका कोपऱ्यात पडून होती. २०१० मध्ये कायटिनवर, म्हणजे कीटकांच्या कवचातल्या पदार्थावर, काम करताना उलगडलं की यांची रीत वेगळीच आहे, ती ऑक्सिजन वापरून स्फटिकी पृष्ठभागच फोडतात. नेहमीच्या सीएमसी प्लेटने हे कधी कळलंच नसतं.

आता दुसरी वाट. सगळ्यात साधा प्रयोग असा: टेस्ट ट्यूबमध्ये नुसत्या क्षारांचं माध्यम, त्यात व्हॉटमन नंबर १ची पट्टी अर्धी बुडालेली, अर्धी वर. जंतू खरा असेल तर पट्टी पाण्याच्या रेषेवर आधी पिवळट होते, पातळ होते आणि हलवलं की तिथेच तुटते. खर्च जवळपास शून्य. वेळ मात्र आठवड्यांत मोजावा लागतो.

आकडा हवा असेल तर फिल्टर पेपर चाचणी. आयआयटी दिल्लीच्या घोष यांनी १९८७ मध्ये मांडलेली कृती आजही प्रमाण मानतात: १ बाय ६ सेंटिमीटरची, साधारण ५० मिलिग्रॅमची पट्टी, पीएच ४.८, ५० अंश, एक तास, मग डीएनएस हे साखर मोजायचं रसायन घालून पाच मिनिटं उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरला मोजायचं. अट अशी की नमुन्याने २ मिलिग्रॅम ग्लुकोज तरी सोडलं पाहिजे. ताज्या मातीतल्या बऱ्याच जंतूंचा विरळ न केलेला रसही तिथवर पोचत नाही. अशा वेळी एफपीयूचा, म्हणजे फिल्टर पेपर युनिटचा, आकडा ओढूनताणून लिहू नये. साखर किती सुटली तेवढंच सांगावं. दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पुढे फोडणारं बीटा-ग्लुकोसिडेज कमी असेल तर ते तुकडे (सेलोबायोज) साचून सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, हेही ध्यानात असू द्या. नमुने जास्त असतील तर ऑफिसच्या पंचने कागदाच्या चकत्या पाडा आणि ९६ खाचांच्या प्लेटमध्ये टाका. ॲव्हिसेलची पूड तळाशी बसते आणि पिपेटच्या टोकात अडकते, चकतीचा तो त्रास नाही.

मधला पर्याय म्हणून रंग बांधलेलं न विरघळणारं सेल्युलोज मिळतं. एन्झाइमने तुकडे पाडले की रंग द्रावात उतरतो. वापरायला सुटसुटीत, खिशाला जड, आणि कल पुन्हा एंडोग्लुकानेजकडेच. त्यापेक्षा थंड फॉस्फोरिक ॲसिडमध्ये फुगवलेलं सेल्युलोज प्रयोगशाळेत बनवलेलं मला बरं वाटतं.

प्लास्टिक खाणारे जंतू आणि एन्झाइमं शोधणाऱ्यांनाही हाच पेच. तिथली दोन गाजलेली नावं दोन वेगळ्या वाटांनी आली, दोन्ही जपानमधल्या ओसाका परिसरातून. २०१२ मध्ये जाहीर झालेलं एलसीसी हे एन्झाइम कंपोस्टमधल्या डीएनएतून ट्रायब्युटिरिनच्या, म्हणजे साध्या स्निग्ध पदार्थाच्या, प्लेटवर सापडलं. मात्र पुढे ते थेट पीईटीवर, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकवर, तपासलं गेलं. त्याच्या सुधारित रूपाने २०२० मध्ये ७२ अंशांवर दहा तासांत पीईटीचं ९० टक्के विघटन केलं. २०१६ चा इडियोनेला साकाएन्सिस हा जिवाणू मात्र थेट पीईटीची फिल्म पुढ्यात ठेवून मिळाला, आणि त्याने ३० अंशांवर फिल्म फस्त करायला सहा आठवडे घेतले. ती फिल्मही अगदी कमी स्फटिकी होती, बाटलीचं प्लास्टिक नव्हे. पॉलिथिनच्या बाबतीत केवळ वजन घटलं म्हणून आनंदून जाऊ नका, आत मिसळलेली रसायनं झिरपूनही वजन घटतं.

हातात एकच सत्र असेल तर सीएमसीवर गाळा आणि उरलेल्या पाच-सात कॉलन्या त्याच आठवड्यात कागदाच्या पट्टीवर लावा. पीएचडीचा वेळ असेल तर क्रम उलटा करा: क्षारांच्या माध्यमात कागद हेच एकमेव अन्न ठेवून आधी जंतू वाढवा, त्यातून कॉलन्या वेगळ्या काढा, आणि सीएमसीची प्लेट शेवटी फक्त एंडोग्लुकानेज आहे का एवढंच बघायला ठेवा. दोन्हीकडे तुलनेसाठी पुण्याच्या एनसीआयएम या जंतूंच्या संग्रहातून ट्रायकोडर्मा रीसी मागवून घ्या आणि एक नळी जंतूविना ठेवा. पट्टी नुसत्या हलवण्यानेही झिजते.